टी-शर्टवरील भरतकामासाठी कट-अवे बॅकिंग : वापरानंतरचे मत

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात मी घरगुती भरतकाम यंत्रावर शाळांच्या, कबड्डी संघांच्या आणि बचत गटांच्या टी-शर्टवर नावे व चिन्हे भरून देते. ब्लाउजपीस किंवा ओढणीचे कापड उभ्याआडव्या धाग्यांचे असते. सुई त्या धाग्यांच्या मधून निघून जाते. टी-शर्टचे, म्हणजे होजिअरीचे, कापड मात्र एकमेकांत अडकलेल्या फाशांचे असते आणि सुईने त्यातला एक फासा तोडला, की छिद्र तेवढ्यावर थांबत नाही, तर प्रत्येक धुण्यागणिक वाढत जाते. गिऱ्हाइकाचा शर्ट आपल्याकडून जाताना नीट दिसतो आणि तक्रार पुढे येते, ती यामुळेच. म्हणून नागपूरच्या गांधीबागेतून आणलेल्या कट-अवे बॅकिंगच्या, म्हणजे भरतकाम करताना कापडाखाली लावायच्या आधाराच्या, रोलविषयी आणि त्यासोबतच्या सामानाविषयी सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडच्या दुकानांत बॅकिंग मागितले, की बहुधा फाडून काढायचा कागदी प्रकार, म्हणजे टीअर-अवे, हाती दिला जातो. तो स्वस्त आहे आणि न ताणणाऱ्या कापडाला पुरेसा आहे. टी-शर्टला तो चालत नाही, कारण भरतकामाच्या टाक्यांनी त्याला इतकी छिद्रे पडतात, की काम संपेपर्यंत त्याचा आधारच उरत नाही. शिवाय तो फाडताना कापडही ओढले जाते. कट-अवे फाडायचे नसते. भरतकामाच्या कडेपासून थोडे अंतर ठेवून ते कात्रीने कापायचे आणि उरलेले शर्टच्या आत कायम राहू द्यायचे. मी आणलेला रोल मध्यम जाडीचा असून धुतल्यानंतरही तो गोळा झाला नाही, अक्षरांच्या कडा सरळ राहिल्या आणि चिन्हाभोवती कापड चुरगळले नाही. सिंकर, म्हणजे पातळ विणीच्या होजिअरीच्या, फिकट कापडावर मात्र त्याचा चौकोन बाहेरून दिसतो. अशा शर्टांसाठी जाळीदार मेश बॅकिंग घेतलेले बरे.

बॅकिंग उत्तम असले, तरी रिंगमध्ये शर्ट ताणून बसवला तर सगळे व्यर्थ जाते. ताणलेल्या कापडावर टाके पडतात, रिंग काढताच कापड मूळ आकारात येते आणि चिन्ह गोळा होते. माझ्या मते रिंगमध्ये फक्त बॅकिंग घट्ट बसवावे, त्यावर भरतकामासाठीचा चिकट स्प्रे हलका मारावा आणि शर्ट न ओढता वर पसरून कडेने टाचावा. यामुळे रिंगचा वळही कापडावर उमटत नाही. तो उमटलाच, तर ओले फडके ठेवून वाफ द्यावी, इस्त्री घासू नये.

सुयांच्या बाबतीत दुकानदारांचे अज्ञान खरोखर त्रासदायक आहे. टी-शर्टला ७५/११ क्रमांकाची, गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई हवी. ती फासा कापत नाही, बाजूला सारते. बारीक अक्षरांना ६५/९ची सुई आणि तितकाच बारीक धागा घ्यावा. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, तर मोठ्या व्यावसायिक यंत्रांना बहुधा गोल दांड्याची सुई लागते, म्हणून नमुना सोबत नेलेला चांगला. टोक बोथट झाल्याची शंका आली, की सुई बदलावी. एका सुईपेक्षा शर्ट महाग असतो.

छिद्रांचे दुसरे कारण पंचिंगमध्ये, म्हणजे यंत्रासाठी चिन्हाचे टाके आखण्यात, असते. ४० नंबरच्या धाग्यासाठी टाक्यांच्या ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर धरतात. होजिअरीवर ते किंचित वाढवून खाली अंडरले, म्हणजे आधाराच्या विरळ टाक्यांचा थर, द्यावा. आमच्याकडे भारनियमनामुळे यंत्र मध्येच बंद पडते आणि पुन्हा सुरू करताना काही टाके मागे जावे लागते. जास्त मागे गेले, तर त्याच जागी टाक्यांवर टाके पडून कापड तुटते.

मॅटी, म्हणजे खड्डेदार विणीच्या, कापडाच्या कॉलरवाल्या शर्टांवर टाके खड्ड्यांत बुडू नयेत म्हणून पाण्यात विरघळणारी फिल्म वरून ठेवावी. मी आणलेली फिल्म चांगली ठरली.

दुरुस्तीसाठी त्याच दुकानातून निट फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे ताणदार अस्तर, घेतले आणि या खरेदीत ते सर्वांत उपयोगी ठरले. आधी छिद्र कोणते ते ओळखावे: सुईने नुसते रुंदावलेले छिद्र नखाने हलके चोळल्यावर किंवा धुतल्यावर मिटते, धागा तुटलेले मिटत नाही. तुटलेल्या छिद्राचे सुटे फासे बारीक सुईने आतून धरून घ्यावेत, धागा ओढू नये, आणि मग कोपरे गोल कापलेला फ्यूजिंगचा तुकडा आतून चिकटवावा. पॉलिस्टर शर्टला इस्त्री कमी गरम ठेवावी. छिद्र चिन्हाच्या कडेला असेल, तर वर सॅटिन टाक्यांची किनार वाढवली की ते झाकते. मोकळ्या जागेतले छिद्र पूर्ण अदृश्य होत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला तसे सांगून बॅज लावणे प्रामाणिकपणाचे. चुकलेले भरतकाम उसवायचे असल्यास उलट बाजूने बॉबिनचे धागे थोडे थोडे कापावेत. सुलट बाजूने पाते घालणे म्हणजे नवे छिद्र ओढवून घेणे.

रोल टीअर-अवेपेक्षा महाग पडला, तरी होजिअरीचे काम घेणाऱ्याने तो घ्यावाच. माझी तक्रार एवढीच, की तालुक्याच्या गावी तो सुट्या मीटरने मिळत नाही आणि पूर्ण रोल घेणे लहान कारागिराला जड जाते; दोघीतिघींनी मिळून घेतला, तर परवडतो. फिल्म मात्र गरजेपुरतीच घ्यावी, कारण ती पावसाळ्यात दमट होऊन चिकटते आणि मे महिन्यात कडक होऊन तुटते. हवाबंद पिशवीत ठेवल्यास टिकते.