कयाकवरचा जिवंत आमिषाचा डबा: उन्हाळा-पावसाळ्यातील वापरानंतर

मरळ हलत्या भक्ष्यावर झडप घालते, त्यामुळे कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून, तिला गळाला लावायचे तर आमिषाचे लहान मासे किंवा झिंगे जिवंत ठेवावे लागतात. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या नागपूर परिसरात पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपापेक्षा सावली आणि गारवा अधिक महत्त्वाचा ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना ही मर्यादा ७ च्या आसपास उतरते, आणि नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

म्हणून बादलीऐवजी मी लग्नकार्यात थंड पाण्यासाठी येतो तसला १८ लिटरचा, दुहेरी भिंतीचा जार वापरला. गोल आकारामुळे मासे कोपऱ्यात दाटत नाहीत, आणि खालच्या तोटीतून तळाचे मळलेले पाणी सोडून वरून तलावाचे ताजे पाणी घालता येते. झाकणातील एका छिद्रातून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या बॅटरीवरील पंपाची नळी आत सोडली असून दुसरे छिद्र हवा बाहेर जाण्यासाठी आहे. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बांधावा, अन्यथा तो थांबताच नळीतून पाणी उलटे चढून पंपात शिरू शकते. नळाचे पाणी मी वापरत नाही, कारण त्यातील क्लोरीन माशांना घातक असते; गारव्यासाठीही सुटा बर्फ न टाकता गोठवलेली बंद बाटली सोडतो, म्हणजे तापमान हळूहळू उतरते.

जार निम्माच भरावा. नऊ लिटर पाणी म्हणजेच नऊ किलो ओझे, आणि तेही डचमळणारे. शिवाय जार उंच असल्याने रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर वारा सुटला की कयाकचा तोल जाणवण्याइतका बिघडतो. बैठकीमागच्या खोलगट जागेत तो रबरी दोरांनी आवळून बांधला, तेव्हाच वल्हवणे सुसह्य झाले. छिद्रे पाडलेला डबा पाण्यातून ओढत नेणे याहून स्वस्त खरे, पण उन्हाने वरचे पाणी तापले की त्यातल्या आमिषाला कोणताच आसरा उरत नाही, आणि ओढ लागून हात भरून येतात तो ताप वेगळाच.

पावसाळ्यात बाटलीची गरज सहसा भासली नाही. पंपाला मात्र प्लास्टिकच्या डबीत झाकावे लागले. जारचे तोंड अरुंद असून लहान जाळीही त्यात जेमतेम फिरते, ही माझी मुख्य तक्रार आहे. पुढचा जार घेताना मी आधी तोंडाची रुंदी पाहीन, मग क्षमता.