वर्डमधील कस्टम प्रॉपर्टीज: नोंदीसाठी उत्तम, शोधासाठी अपुऱ्या

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरातील वकिलांच्या कार्यालयांत जमिनीच्या दस्तांचे मसुदे वर्षानुवर्षे साठत जातात. पक्षकार मात्र फाइलचे नाव सांगत नाही. तो मखमलाबादचा किंवा आडगावचा गट नंबर सांगतो. अशाच एका कार्यालयात मी मायक्रोसॉफ्ट वर्डमधील कस्टम प्रॉपर्टीज, म्हणजे फाइलला आपण स्वतः जोडलेल्या माहितीच्या नोंदी, रोज वापरते.

नोंद करण्याची सोय खरोखर चांगली आहे. फाइल, इन्फो, प्रॉपर्टीज या मार्गाने ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज उघडल्या की ‘कस्टम’ या भागात गाव, गट नंबर, दस्ताचा प्रकार अशा आपल्या गरजेच्या नोंदी करता येतात आणि प्रत्येकीसाठी मजकूर, तारीख, संख्या किंवा होय-नाही यांपैकी एक प्रकार निवडता येतो. गट नंबरसाठी मात्र ‘मजकूर’च निवडावा, कारण १२४/२/अ अशी नोंद ‘संख्या’ या प्रकारात बसत नाही. माहिती फाइलच्या आतच साठवली जात असल्याने मसुदा पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेला तरी ती सोबत जाते.

अडचण शोधाची आहे, आणि ती लहान नाही. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये लेखक, शीर्षक, टॅग्ज यांसारख्या ठरावीक गुणधर्मांचे रकाने लावता येतात. आपण तयार केलेला ‘गट नंबर’ त्या यादीत येत नाही आणि शोधाच्या चौकटीत त्याचे नाव देऊन शोधही घेता येत नाही. ज्या कामासाठी एवढी नोंद करायची, तेच काम अर्धवट राहावे, हे मला पटत नाही.

यावर दोन उपाय आहेत. गट नंबर टॅग्जमध्येही लिहिणे हा सोपा उपाय. पण तेथे गाव, गट आणि पक्षकार यांची सरमिसळ होते. दुसरा मला अधिक भरवशाचा वाटतो: ‘डॉकप्रॉपर्टी’ हे फील्ड (फाइलमधील नोंद मजकुरात दाखवणारी वर्डची खूण) मसुद्याच्या शीर्षभागात घालावे, म्हणजे नोंदवलेली माहिती दस्ताच्या मजकुरातच उमटते आणि मजकुराच्या साध्या शोधात सापडते. नोंद बदलल्यावर फील्डवर जाऊन एफ-९ दाबायला विसरू नये, नाहीतर जुनाच गट नंबर छापला जाईल.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील ज्या कार्यालयांकडे शेअरपॉइंट (फाइली एकत्र साठवून वापरण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) आहे, त्यांनी तेथील लायब्ररीतच असे रकाने करावेत. त्यांवर थेट गाळणी लावता येते. लहान कार्यालयाने वर्डचीच सोय जरूर वापरावी, फक्त आकडे देवनागरीत लिहायचे की इंग्रजीत, हे सर्वांनी आधी ठरवून घ्यावे, कारण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी चिन्हे आहेत.