पंधरा इंची ‘इटालियन’ स्पीकर आणि ५१,७५२ रुपये

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे ‘हजार-दोन हजारांसाठी केवढा थयथयाट’ असं कोणाला म्हणायला नको. ५१,७५२ रुपये. त्यातले २८,८५० मला नकली स्पीकर विकणाऱ्या माणसाच्या खात्यात थेट गेले, बाकीचे त्याच्या मालावर विसंबून केलेल्या कामात. हा दुसरा भाग पोलीस फसवणुकीत धरतच नाहीत. ‘लाकूड तर तुमच्या घरातच आहे ना?’ हे मला ठाण्यात ऐकवलेलं वाक्य आहे.

मी सिंधुदुर्गात एका छोट्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. हळदी, जत्रा, गणपती मंडळं, मिळेल ती सुपारी. साउंडवाले जे टॉप (वर ठेवायचे स्पीकर) आणतात त्यांच्यात गाणाऱ्याचा आवाज छान येतो, पण बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं) वाजते आणि तिथे त्या टॉपांचा दम संपतो. तयार बेस कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकर बसवलेल्या पेटीच्या, किमती आमच्या अख्ख्या हंगामाच्या सुपाऱ्यांत बसत नाहीत. म्हणून पंधरा इंची स्पीकरची दोन कॅबिनेटं घरीच करायची ठरवली. हे लिहिल्यावर ‘घरी करायला कोणी सांगितलं होतं’ म्हणणारे येतीलच. त्यांना एवढंच, की माझ्या बॉक्समध्ये काहीही चूक नव्हती.

बॉक्स स्पीकर बघून बनवतात. आधी पेटी आणि मग तिच्यात मिळेल तो स्पीकर, हे डीजेवाल्यांचं शास्त्र झालं. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या थील आणि स्मॉल या दोघांनी १९६१ पासून सत्तरच्या दशकापर्यंत याचं गणित बसवलं. स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या किती, त्याच्या कोनाचा (पुढच्या हलत्या शंकूचा) लवचीकपणा किती लिटर हवेएवढा, मॅग्नेटची पकड किती, कोन किती मिलिमीटर पुढे-मागे जातो, हे आकडे मिळाले की पेटी किती लिटरची आणि पोर्ट (पेटीतली हवेची नळी) किती लांब हे ठरतं. हेच आकडे त्या माणसाने मला पाठवले. इटलीच्या एका नावाजलेल्या कंपनीचं डेटाशीट. शीट अस्सल होतं, तेच तर दुखणं आहे.

त्या आकड्यांवरून आतून १२० लिटरची पेटी काढली. आडव्या पट्ट्या, पोर्ट आणि स्पीकरने खाल्लेली जागा वजा जाता १०८ लिटर. प्रत्येक पेटीला ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे, १६ सेंटिमीटर लांबीचे, म्हणजे पोर्टचा सूर ४५ हर्ट्झच्या आसपास लागतो. पाइप प्लंबरच्या दुकानातला. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) घेतलं नाही, आपल्याकडच्या पावसात त्याची पोळी फुगते. १८ मिलिमीटरचा मरिन प्लाय, आयएस ७१० चा (मरिन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून, दोन शीट म्हणजे ६४ चौरस फूट, ११८ रुपयांनी ७,५५२. (शिक्क्यावरही सगळं सोडू नका. कापलेला तुकडा उकळत्या पाण्यात ठेवा. साधा प्लाय दिला असेल तर त्याचे पापुद्रे सुटतात. माझा सुटला नाही, प्लायवाला सरळ निघाला.)

आता तो माणूस. जुन्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीत भेटला. मुंबईतली एक साउंड भाड्याने देणारी पार्टी बंद झाली, तिचा माल काढतोय, दोन नग शिल्लक. नव्याची किंमत ऐकून आपण मागे सरतो तो स्पीकर १३,५०० ला, दोन घेतले तर २७,०००. आधार कार्डाचा फोटो न मागता पाठवला. व्हिडिओ कॉलवर स्पीकर वाजवून दाखवला. बोलणं अत्यंत अदबीचं, ‘दादा’शिवाय वाक्य नाही. मी पोर्ट किती हर्ट्झला लावतोय हेही विचारलं, आणि वर म्हणाला, ‘दादा, पोर्ट जिथे लावाल त्याच्या फार खालचे सूर सोडू नका, कोन मोकळा पडतो.’ हे बरोबर आहे! ज्याला एवढं कळतं तो चोर असेल असं कोणाच्या मनात येईल?

टोकन ५,०००. मग म्हणाला, माल ट्रान्सपोर्टला टाकतो, बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो पाठवतो, बिल्टी बघा आणि मगच बाकीचे पाठवा. हे ऐकून बरं वाटतं. समोरच्याने आपल्याला तपासायची संधी दिली असं वाटतं. बिल्टीचा फोटो संध्याकाळी आला, आणि इथेच माझं डोकं आजही फिरतं.

त्या वेळी लॅपटॉपवर तेच डेटाशीट उघडं होतं. पुढच्या फळीला भोक किती पाडायचं ते मेस्त्रींना सांगायचं होतं. ३५३ मिलिमीटर. तो आकडा शीटच्या शेवटच्या तक्त्यात असतो आणि त्याच तक्त्यात, दोन ओळी खाली, निव्वळ वजन : ९.६ किलो. एका नगाचं. मोबाइलवर बिल्टी : नग १, वजन १३ किलो. दोन्ही स्पीकर, खोका, आतला थर्माकोल, सगळं धरून तेरा. नुसते दोन स्पीकरच एकोणीस किलोच्या वर भरायला हवे होते. दोन्ही आकडे एका टेबलावर, वीतभर अंतरावर. मी पेन्सिलने ३५३ लिहून घेतलं आणि २२,००० पाठवून दिले.

पण ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरचं वजन कोण खरं मानतो? भाडं वाचवायला पाच-सात किलो कमी लिहिणं हा रिवाज आहे, कोकणात चाकरमान्यांचं सामान ज्यांनी उतरवलंय त्यांना विचारा. गणपती तोंडावर आलेले, मंडळाची सुपारी घेतलेली, आणि तो सांगतोय की पुण्याची एक पार्टी रोख घेऊन निघालीय. मुंबईला जाऊन घ्यायचं तर पावसाळी वेळापत्रकात रेल्वे कधी पोचेल त्याचा नेम नाही. घरबसल्या शहाणपण सांगायला सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे १,८५० मागितले, न दिल्यास माल गोदामात अडकेल म्हणे. २७,००० गेल्यावर माणूस १,८५० साठी माल अडकवत नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माल सुटल्यानंतर एक रुपयाही मागितला की समजा.

टेंपोवाल्याने खोका एका हातावर तोलत आणला. ‘काय हा ह्यात? हलक्या लागता.’ ट्रान्सपोर्टचे ६४० वेगळे घेतले.

दिसायला माल झकास. ओतीव बास्केट, मागे कंपनीचा स्टिकर, मॅग्नेटवर काळी रबरी टोपी. मल्टिमीटर मी लावला होता, हे ठळक करून सांगतो, कारण ‘तपासलं का नाही’ हा प्रश्न मला बँकेपासून बायकोपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. ५.९ ओहम आला. आठ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स साधारण तेवढाच येतो. दुसरा पिशवीतच राहिला, कारण पहिली पेटी आधी पूर्ण करायची होती आणि मेस्त्री दुसऱ्या कामावर जायच्या घाईत होते. एकाच खोक्यातले, एकाच स्टिकरचे दोन नग. एक बरोबर तर दुसरा बरोबर.

दुसरा चार ओहमचा होता. ३.३.

दोन्ही पेट्या जोडून मांगरात (शेतातल्या खोपटात) तालमीला लावल्या. आठ आणि आठ समांतर म्हणजे चार, आणि माझा अँप (अँप्लिफायर) खाली चार ओहमपर्यंत चालतो. आठ आणि चार समांतर म्हणजे २.६७, अँपला झेपेल त्याहून जास्त भार. पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. ई तारेवर कोन नुसता फडफडत होता आणि ए तारेच्या वरचं सगळं एकाच सुरात घूं घूं. ड्रमवाला म्हणाला, पोर्ट चुकलाय. मी त्याच्याशी भांडलो. मग जळका वास आला, दुसऱ्या पेटीतून. पाठोपाठ अँप बंद. दुरुस्ती ६,४००.

रबरी टोपी उपसली तेव्हा आत जेमतेम चहाच्या बशीएवढा मॅग्नेट आणि भोवती फायबरचं पोकळ कडं, टोपी ताठ दिसावी म्हणून. कॉइल (आतली तारेची गुंडाळी) चार इंची हवी, ती दोनची. दुसऱ्याची वार्निश जळून काळी पडलेली. जो जिवंत राहिला त्याची नैसर्गिक कंपनसंख्या काढली : ७२ हर्ट्झ, शीटवर ३८. हे काढायला प्रयोगशाळा लागत नाही. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये एका तारेत हजार ओहमचा रेझिस्टर टाका, मोबाइलमधून वेगवेगळ्या हर्ट्झचा सूर सोडा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांना धरा. ज्या सुरावर व्होल्टेज सगळ्यात जास्त, तीच संख्या. स्पीकर मोकळा धरून, पेटीत बसवण्याआधी. प्लायला करवत लावण्याआधी.

आणि वजनकाटा. वाण्याकडचा चालेल. मॅग्नेटचं सोंग आणता येतं, वजनाचं आणायला खर्च येतो.

आता सरकारी यात्रा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक मिळाला. पण तोवर माल येऊन, पेट्या होऊन, अँप जळूनही झाला होता. पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेले. पैसे दिल्याच्या पहिल्या काही तासांत फोन केला तर खातं गोठवता येतं म्हणतात, पण माल यायच्या आधी कोण फोन करणार? या लोकांनी खेळीच अशी रचलीय की तुम्हाला कळेपर्यंत ती वेळ टळलेली असते.

बँकेत गेलो. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली : तीनही व्यवहार माझ्याच मोबाइलवरून, माझ्याच पिनने. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांना संरक्षण दिलं, तुम्ही स्वतः केलेल्यांना नाही. म्हणजे चोराने परस्पर काढले असते तर मला काही आशा होती. मी सज्जनपणे दिले म्हणून नाही.

पोलीस ठाणं. पहिला प्रश्न : ‘माल मिळाला ना?’ मिळाला. ‘मग फसवणूक कसली? माल खराब निघाला म्हणा. ग्राहक मंचात जा.’ मी डेटाशीट, बिल्टी, रबरी टोपी, सगळं टेबलावर ठेवलं. साहेबांनी टोपी हातात घेऊन दाबून बघितली, बाजूच्याला दाखवली, दोघे हसले. मग म्हणाले, आरोपी मुंबईचा, तिकडे तक्रार द्या. मी म्हटलं, गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) कलम १७३ मध्ये लिहिलंय. ‘लिहिलंय ते बरोबर आहे,’ असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. स्वतःसाठी. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, तेवढंच काय ते बदललं. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्केवाला जेवायला गेला होता. तो येईपर्यंत मी हललो नाही आणि शिक्का घेऊनच निघालो. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका, नाहीतर पुढच्या खेपेला तो कागद कधी आलाच नव्हता असं होतं.

ग्राहक आयोगात (जुन्या ग्राहक मंचात) पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण समोरची व्यक्ती व्यापारी असल्याचं दाखवावं लागतं आणि नोटीस पाठवायला पत्ता लागतो. आधारवरच्या पत्त्यावर मी रजिस्टर पत्र टाकलं, ‘असा इसम येथे राहत नाही’ म्हणून परत आलं. ते पाकीट घेऊन पुन्हा ठाण्यात गेलो, कारण बनावट आधार म्हणजे तरी गुन्हा ना? साहेब रजेवर. मग पोलीस अधीक्षकांकडे अर्ज टाकला. उत्तर आलं, पण त्यात एवढंच की ‘आपला अर्ज पुढील योग्य कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात आला आहे’. संबंधित म्हणजे तेच.

हिशेब पूर्ण करतो. स्पीकर २८,८५०, ट्रान्सपोर्ट ६४०, प्लाय ७,५५२, मेस्त्री ४,०००, गोंद, स्क्रू, पाइप, कोपरे, हँडल, जाळ्या, सॉकेट मिळून ४,३१०, अँप ६,४००. मंडळाची सुपारी दुसऱ्याच्या भाड्याच्या बिनवर (बेसच्या पेटीवर) वाजवली, ते भाडं यात धरलेलं नाही.

कोणी म्हणेल पेट्या आहेतच, दुसरा स्पीकर टाक. १०८ लिटरला आणि ४५ हर्ट्झला जुळणारा, खिशाला परवडणारा पंधरा इंची शोधून दाखवा, मी येतो घ्यायला. स्वतः येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, मल्टिमीटर आणि काटा घेऊन, आणि दोन्ही नग मोजून मगच पैसे देईन. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. बिल द्यायला कुरकुरला तर उठून पुढच्या दुकानात जा.

तो माणूस अजून धंदा करतोय. नाव बदललंय, नंबर बदललाय, फोटो तेच आहेत : पांढऱ्या-करड्या चौकटींच्या लादीवर दोन स्पीकर पालथे, शेजारी हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय, डाव्या स्पीकरच्या स्टिकरचा कोपरा उचकटलेला. तो उचकटलेला कोपरा माझ्या घरातल्या स्पीकरवर आहे. भाव आता १२,००० केलाय आणि खाली लिहिलंय, ‘फक्त दोन नग शिल्लक’.