इतवारीतली मुलतानी मातीची ढेकळे: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या मार्चमध्ये नागपुरातल्या इतवारीच्या किराणा ओळीतल्या एका जडीबुटीच्या दुकानातून मी मुलतानी मातीची अर्धा किलो ढेकळे ४० रुपयांना घेतली आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतू ती चेहऱ्यावर वापरून मगच हे लिहीत आहे. माझी त्वचा तेलकट आहे. दुपार होईपर्यंत नाक आणि कपाळ चकाकू लागते. ज्यांची त्वचा मुळातच कोरडी आहे त्यांनी माझ्या अनुभवावर विसंबून ही माती आणू नये, कारण माझ्या धाकट्या बहिणीला ती अजिबात मानवली नाही. दोनदाच लावली आणि तिच्या गालांची सालपटे निघू लागली.

दुकानात दळलेली पूडही होती, पण दुकानदारांनी स्वतःच सांगितले, "ताई, ढेकळंच न्या. पूड बाहेरून दळून येते, तिच्यात काय मिसळलं ते मला सांगता येणार नाही." हा सल्ला मला फार मोलाचा वाटला. ढेकूळ पाण्यात टाकले की त्यातून बारीक बुडबुडे सुटतात, कडेचे पापुद्रे एकेक करून गळून पडतात आणि थोड्याच वेळात वाडग्यात पिवळसर लगदा उरतो, ज्याला पहिल्या पावसात भिजलेल्या जमिनीसारखा वास येतो. मी तो रात्रभर तसाच ठेवते, सकाळी थोडे पाणी घालून ढवळते, क्षणभर थांबते आणि वरचा दाट भाग दुसऱ्या वाडग्यात ओतून घेते. तळाशी जे कचकचते ती वाळू असते. ती चेहऱ्यावर चोळली गेली तर ओरखडे उठतात, म्हणून एवढा खटाटोप आवश्यकच आहे.

लोकरीतला तेलकटपणा काढण्यासाठी कापड तयार करणारे पूर्वी अशीच माती वापरत, म्हणून इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात. तिच्यातले मुख्य खनिज बहुधा मॉन्टमोरिलोनाइट असते. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी गेले की आकसते. विदर्भातल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत याच कुळातली खनिजे आहेत. उन्हाळ्यात काटोल-सावनेरकडच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यांच्यामुळेच. देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवर आहे, त्या गावात तरी मातीचा हा गुण जाणून घेऊनच ती तोंडाला लावली जावी, असे मला मनापासून वाटते.

कारण सगळी चूक वाळवण्यात होते. बहुतेक पाकिटांवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवा असे छापलेले असते, परंतु पारा ४५ अंशांवर गेलेला असताना पंख्याखाली माझा लेप सात-आठ मिनिटांतच वाळू लागला, तर ऑगस्टच्या दमट हवेत त्याला वीस मिनिटेही पुरली नाहीत. म्हणून मी घड्याळाकडे न पाहता रंगाकडे पाहते: जबड्याच्या कडेला गडद लेप फिकट पडू लागला की मधला भाग ओला असतानाच कोमट पाण्याने धुऊन टाकते. लेप पूर्ण तडकेपर्यंत ठेवल्यास तेलाबरोबर त्वचेतला ओलावाही जातो आणि चेहरा ताणल्यासारखा होतो.

हे मी आधी एका पार्लरमध्ये १,२०० रुपये मोजून शिकले होते. तिथे केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचा लेप लावून, त्यात लिंबू पिळून, मला पंचवीस मिनिटे पंख्याखाली झोपवून ठेवले आणि दोन दिवस गाल लाल राहिले. केओलिन खरे तर मुलतानी मातीपेक्षा सौम्य असते, त्यामुळे दोष मातीचा नव्हता. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागले तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. नागपूरच्या उन्हात तो चेहऱ्याला लावणे म्हणजे संकट ओढवून घेणेच आहे. मी माती साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवते.

परिणाम सांगायचा तर लेप धुतल्यावर तेलकटपणा त्या दिवसापुरता स्पष्ट कमी होतो आणि नाकावरचे काळे ठिपके फिके दिसतात. मुरुमांचे जुने डाग गेले नाहीत आणि रंगही उजळला नाही. माती गोरेपणा देते किंवा शरीरातले विष ओढून काढते, असे सांगून ती विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ती जमिनीतून निघते, म्हणून तिच्यात जड धातूही असू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बेंटोनाइट या अशाच फुगणाऱ्या मातीच्या काही उत्पादनांत शिसे आढळल्याचा इशारा दिला होता. त्यामुळे फुटलेल्या मुरुमावर, जखमेवर किंवा लहान मुलांना मी ती लावत नाही आणि पोटात तर कोणीच घेऊ नये.

या दुकानाबद्दल माझी एकच तक्रार आहे. ढेकळे हळदीच्या पोत्याशेजारी उघड्या टोपलीत ठेवलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेच्या मातीला पिवळे डाग होते आणि मला वरचा थर चाकूने खरवडून टाकावा लागला. झाकणाचा डबा ठेवण्याची विनंती मी केली आहे. दुकानदारांनी होकार दिला आहे. पुढची अर्धा किलो मी तिथूनच घेणार आहे.