दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी सायन्स? इंजिनिअरिंगच करायचं ठरलं असेल तर

दहावीचा निकाल लागला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन प्रकारचे पालक दिसतात. काहींच्या मुलांना नव्वदच्या वर पडलेले असतात. त्यांच्यापुढे रुईया की वझे-केळकर एवढाच प्रश्न उरतो. बाकीच्यांच्या मुलांना सत्तर-ऐंशीच्या घरात पडलेले असतात, पोरगं 'इंजिनिअरच व्हायचंय' म्हणत असतं आणि कुणीतरी कानात सांगितलेलं असतं की त्यापेक्षा डिप्लोमाला टाक. हा लेख त्यांच्यासाठी. माझा मोठा मुलगा डिप्लोमा करून डिग्रीला गेला, धाकटी अकरावी-बारावी करून. त्यामुळे जून महिना आला की आमच्याकडे चहाचं आधण जरा जास्तच ठेवावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करते. डिप्लोमाने वर्षं वाया जात नाहीत. डिप्लोमा ३ वर्षांचा, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे पुढची ३. बारावीवाल्याची २ आणि डिग्रीची ४. दोन्हीकडे सहाच. फरक आहे तो मुलाची पारख कधी आणि किती वेळा होते यात.

अकरावी-बारावीच्या वाटेवर सगळा भार सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. एमएचटी-सीईटी २०० गुणांची: गणित १००, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०. तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, अभ्यासक्रम मुख्यतः बारावीचा आणि साधारण २० टक्के अकरावीचा. राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मेरिट लिस्ट या परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. बोर्डाचे गुण लागतात ते पात्रतेपुरते, खुल्या गटाला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून) ४५ टक्के, राखीव गटाला ४०. बारावीला ८५ पडले आणि सीईटी हुकली तर त्या ८५ चा इंजिनिअरिंगला फारसा उपयोग होत नाही, हे पुष्कळ आईवडिलांना मे महिन्यात कळतं.

डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर आणि पुढे डिग्रीला डिप्लोमाच्या टक्क्यांवर. मध्ये सीईटी नाही. पण सहा सेमिस्टर आहेत आणि दर सेमिस्टरला थिअरी, प्रॅक्टिकल, ओरल, सबमिशन सगळं आहे. एखादा विषय राहिला तर केटी, म्हणजे तो घेऊन पुढे जायचं आणि पुन्हा परीक्षा द्यायची; बरेच राहिले तर वायडी, म्हणजे वर्ष गेलं.

दिवस कसा जातो

निर्णय खरा इथे व्हायला हवा, पण यावर कुणीच बोलत नाही. सगळे कटऑफवर बोलतात.

पॉलिटेक्निक, म्हणजे जिथे डिप्लोमा होतो ते, पूर्ण दिवसाचं कॉलेज. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकलच्या बॅचेस, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये. माझ्या मुलाचं कॉलेज वांद्र्याच्या बाजूला होतं. मुलुंडहून दादर, तिथे पूल चढून वेस्टर्न, मग पुढे बस. पहिल्या वर्षी ड्रॉइंग असतं, त्यामुळे पाठीवर सॅक, एका हातात ड्राफ्टर आणि खांद्याला शीटची लांब नळी, अशा अवतारात पंधरा-सोळा वर्षांचं पोर सकाळच्या जलद गाडीत चढतं. ती नळी लोकांच्या बरगड्यांत लागते आणि लोक बोलतातही. संध्याकाळी घरी आल्यावर मॅन्युअल पूर्ण करायचं, कारण त्यावर सरांची सही झाल्याशिवाय सबमिशन नाही आणि सबमिशनशिवाय हॉल तिकिटाची टांगती तलवार. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात घरात सगळीकडे कागद असतात आणि कुणाला तरी रात्री अकराला स्पायरल बाइंडिंगवाला उघडा हवा असतो.

पण या धावपळीत एक गोष्ट घडते. ज्या मुलाला पुस्तकात तोंड खुपसून बसवत नाही, त्याला वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना, सर्किट जोडताना, लेव्हलिंगची रीडिंग घेताना हुरूप येतो. माझा मुलगा दहावीपर्यंत अभ्यासाला बस म्हटलं की पाणी प्यायला उठायचा. तिसऱ्या सेमिस्टरला तोच मित्रांना व्हायवाचे प्रश्न समजावून सांगत होता. सगळ्यांचं असं होत नाही, पण त्याच्या वर्गात बऱ्याच जणांचं झालेलं मी पाहिलं.

अकरावीचा दिवस वेगळा. ज्युनिअर कॉलेज सकाळचं, दुपारनंतर क्लास, रविवारी टेस्ट. कॉलेजात प्रॅक्टिकल होतात, लेक्चरला किती बसतात हे कॉलेजवर आणि पोरावर अवलंबून. मुलीच्या बॅचमध्ये जी मुलं दुपारी घरी येऊन झोपायची आणि संध्याकाळी चार तास स्वतःहून बसायची, ती तरली. ज्यांना कुणीतरी ढकलावं लागत होतं, त्यांची अकरावी 'अजून वेळ आहे' म्हणण्यात गेली आणि बारावी कधी आली ते कळलंच नाही. अकरावीला विचारणारं कुणी नसतं.

आणि 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार: प्रवेश एका कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये, कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकलपुरतं. याला आळा घालायला सरकारने २०१८ साली सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. प्रकार काही थांबला नाही. जेईईसाठी (आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) खरंच धावणाऱ्या मुलाला याचा उपयोग होत असेल. सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या मुलाला मी तरी यात घालणार नाही. तिथे पहिल्या बॅचकडे लक्ष असतं, शेवटच्या बॅचची फी घेतली जाते.

पैशाचं गणित

अनुदानित ज्युनिअर कॉलेजची फी किरकोळ वाटते, पण खरा खर्च क्लासचा आणि तो दोन वर्षांचा मिळून लाखांत जातो. डिप्लोमात उलट. खेरवाडीचं शासकीय तंत्रनिकेतन किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय (तिथे डिग्रीसोबत डिप्लोमाही आहे) मिळालं तर फी काही हजारांत भागते. खासगी पॉलिटेक्निकची फी त्याच्या कित्येक पट, पण क्लास बहुतेकांना लागत नाही. लागलाच तर गणितापुरता. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे फीमाफीच्या जागांसाठी ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा कोड भरायचा, ट्यूशन फी माफ होते. जागा मोजक्या, पण अर्ज न करणारेच जास्त.

कुठली दारं बंद होतात

डिप्लोमा घेतला की नीट (मेडिकलची परीक्षा) नाही, एनडीए (सैन्यातल्या अधिकारीपदाची) नाही, कारण त्यांना बारावीच लागते. आयआयटीत डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. सोळाव्या वर्षी 'मेकॅनिकल' म्हणणाऱ्या मुलाला सतराव्या वर्षी बायोलॉजी आवडू लागली तर डिप्लोमातून मागे फिरणं म्हणजे वर्ष घालवणं. उलट बाजूने मात्र सोय आहे: बारावी सायन्स झाल्यावर सीईटी बिघडली तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. त्यामुळे मन अर्धवट असेल तर अकरावी. यात मला शंका नाही.

डिप्लोमाने एक दार उघडतं तेही सांगायला हवं. रेल्वेची ज्युनिअर इंजिनिअरची आणि महापालिकेची कनिष्ठ अभियंत्याची भरती डिप्लोमावर होते. घरात कमावतं माणूस एकच असेल तर एकोणिसाव्या वर्षी हातात असलेला कागद फार मोलाचा असतो. बारावी सायन्सच्या मार्कशीटवर कुणी नोकरी देत नाही.

डायरेक्ट सेकंड इयरची भिंत

डिप्लोमा सुचवणारे हे सांगत नाहीत. दुसऱ्या वर्षी थेट घेतल्या जाणाऱ्या जागा पहिल्या वर्षाच्या मानाने थोड्या, अधिक पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. नावाजलेल्या कॉलेजात रिकाम्या राहतच नाहीत, म्हणून तिथे कॉम्प्युटरला डिप्लोमाचे नव्वदच्या बरेच वर लागतात. म्हणजे 'सीईटी टळली' म्हणून डिप्लोमा घेणाऱ्याने तीन वर्षं सातत्याने उत्तम गुण ठेवायचे असतात. सत्तर टक्के घेऊन डिग्रीला सीट मिळते, पण ती बहुधा शहराच्या टोकाला किंवा शहराबाहेर.

आणि सीट मिळाली की गणित. बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू (इंजिनिअरिंग गणिताचे पहिले दोन पेपर) केलेलं असतं. डिप्लोमावाला थेट लाप्लास आणि फुरिअर या पुढच्या गणिताला भिडतो. डिप्लोमाचं गणित बेताचं. माझ्या मुलाने डिप्लोमाच्या निकालानंतरची सुट्टी इंटिग्रेशनमध्ये घालवली, तरी डिग्रीच्या तिसऱ्या सेमिस्टरला दमछाक झालीच. उलट प्रॅक्टिकलमध्ये आणि प्रोजेक्टमध्ये बारावीवाले त्याच्याकडे विचारायला यायचे. दोघांची कमतरता वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि शेवटच्या वर्षापर्यंत ती बरीचशी भरून निघते.

मग कोणी काय घ्यावं

मुलगा-मुलगी स्वतःहून अभ्यासाला बसते, गणित आवडतं, ब्रँच अजून पक्की नाही किंवा जेईई डोक्यात आहे: अकरावी. जवळचं कॉलेज घ्या. नावासाठी कल्याणहून चर्चगेट करायला लावू नका, तो वेळ क्लासमध्ये लागणार आहे. ब्रँच पक्की आहे, हाताने करायला आवडतं, रोज थोडं केलं तर जमतं पण एका परीक्षेच्या दडपणाने गळपटतं: डिप्लोमा, पण कॉलेज बघून. शासकीय, स्वायत्त किंवा जुनं अनुदानित मिळत असेल तर नक्की. कुठेतरी नव्याने निघालेल्या, लॅबला कुलूप असलेल्या पॉलिटेक्निकपेक्षा साधी अकरावी बरी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरून डिप्लोमा सोडू नये. एमएसबीटीईने (डिप्लोमाची परीक्षा घेणारं राज्याचं मंडळ) मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिलेला आहे, कॉलेजात तो खरोखर चालतो का ते विद्यार्थ्यांनाच विचारा. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनपेक्षा कँटीनमध्ये जास्त कळतं.

मुलगा गप्प असेल आणि 'तुम्ही म्हणाल ते' म्हणत असेल, तर एखादा दिवस त्याला ओळखीच्या डिप्लोमावाल्या मुलासोबत बसवा. तो मॅन्युअल उघडून दाखवेल. चेहऱ्यावरून कळेल.

फॉर्म दोन्हीकडे भरा. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ पासून आहे, २०२५ पासून सगळ्या राज्यात. डिप्लोमाचा फॉर्म तंत्रशिक्षण संचालनालयाच्या साइटवर, वेगळा. दोन्हींच्या तारखा एकमेकांना विचारून ठरत नाहीत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, तो एकीकडे जमा केला की परत मिळवायला अर्ज आणि हेलपाटे. त्याच्या साक्षांकित झेरॉक्स आधीच काढून ठेवा, आणि अधिवास, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअरसाठी निकालाची वाट बघत बसू नका. सेतू केंद्राबाहेर जूनमध्ये लागलेल्या रांगेत उभं राहून डिप्लोमा की अकरावी याची चर्चा करणारे पालक मी दरवर्षी बघते.