लॅपटॉपमध्ये फुकट असलेलंच मला ८,०९७ रुपयांना विकलं

अँटीव्हायरस २,४९९. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, आवाज वगैरे चालवणारी सॉफ्टवेअरं, अपडेट करणारं १,२९९. क्लीनर ९९९. पीडीएफचं १,८००. मराठी टायपिंगचं १,५००. एकूण ८,०९७ रुपये, म्हापशाच्या एका कॉम्प्युटरवाल्याला मी यूपीआयनं दिले. यातली एकही वस्तू विकत घ्यायची गरज नव्हती. सगळं विंडोज ११ मध्ये आधीपासून होतं.

मी पेडण्यात घरूनच जत्रेच्या पत्रिका, देवस्थान समितीच्या नोटिसा, भजनी सप्ताहाची वेळापत्रकं टाइप करून देते. लॅपटॉप नवाच होता, पण कोपऱ्यात रोज लाल मेसेज यायचा, 'तुमचा संगणक धोक्यात आहे'. तो लॅपटॉपसोबत आलेल्या कुठल्याशा अँटीव्हायरसच्या ट्रायलचा होता, मुदत संपलेली. हे सामान्य माणसाला कसं कळायचं?

दुकानातल्या पोरानं आधी ती ट्रायल काढून टाकली. त्याबरोबर विंडोजच्या स्वतःच्या संरक्षणाची, 'विंडोज सिक्युरिटी'ची खिडकी उघडी झाली, ढालीवर हिरवी टिक. मी स्वतः बघितली. विचारलंसुद्धा, "सगळं हिरवं दिसतंय ना?" त्यानं खिडकी झटकन बंद केली आणि म्हणाला, "बाय, विंडोजाचें स्वताचें कांयच कामाक येना." मग त्याचं क्लीनर चालवलं आणि अर्ध्या मिनिटात लाल अक्षरांत १,३८६ समस्या! नव्या लॅपटॉपवर! तो हिरवा रंग आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. तिथंच उठून यायला हवं होतं. पण मागे गिऱ्हाइकं उभी, पत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायची, आणि समोरचा ठामपणे सांगतोय. माझ्या जागी कुणीही पैसे दिले असते.

सगळ्यात जास्त मनस्ताप त्या मराठी टायपिंगनं दिला. जुन्या पद्धतीचा फॉन्ट, युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसणारी पद्धत, नव्हेच. पणजीच्या छापखान्यात फाईल उघडली तर 'श्री'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस. रात्र जागून सगळं पुन्हा टाइप केलं. आणि मराठी फोनेटिक कीबोर्ड, इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणारा, २०१९ पासून विंडोजमध्येच आहे! सेटिंग्जमध्ये भाषा विभागात मराठी जोडायची, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबून भाषा बदलायची. फार्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं हे चहा पिता पिता करून दिलं. पीडीएफ हवी तर प्रिंट द्या आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात. कचरा काढायला सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स आहे. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये नको ती बंद करा. बाहेरचा अँटीव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो.

वर्षभरानं खात्यातून आणखी २,४९९ गेले. 'एकदाच पिन घाला' म्हणत त्या दुकानदारानं ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या वेळी खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, लावून घेतलं होतं. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी आजच उघडून बघा.

मग तक्रारीचे हेलपाटे. पोलीस ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं. सायबरवाल्यांनी सांगितलं, पिन तुम्हीच घातलात, माल मिळाला, मग फसवणूक कसली? परत ठाण्यात गेले तर ज्यांनी अर्ज घेतला ते साहेब रजेवर, आणि अर्ज सापडत नाही. पोच मागितली होती, दिली नाही. एका हवालदारानं तर मला तोंडावर सांगितलं, शिकलेली बाई असून तुम्हाला कळू नये? मी चोर आहे की तो? दहा हजार पाचशे शहाण्णव रुपये यांच्या लेखी किरकोळ असतील, माझ्या त्या कितीतरी पत्रिका आहेत. बँकेनं फक्त पुढचा ऑटोपे बंद करून दिला, गेलेल्या पैशांवर हात वर.

बिलही कच्चं, जीएसटी क्रमांक नाही. पक्कं बिल देत नसेल तर पिन घालूच नका. आणि दुकानदार जे विकतोय त्याचं नाव घेऊन आधी विचारा, हे विंडोजमध्ये नाही का? उत्तर देताना त्याचे डोळे बघा.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीचं शुल्क लागत नाही, हे मला एकाही कार्यालयानं सांगितलं नाही. भाच्यानंच शोधून काढलं. कच्च्या बिलाचा फोटो, यूपीआयच्या दोन्ही नोंदी आणि छापखान्यातलं ते बिघडलेलं पान जोडून अर्ज तयार आहे. म्हापशात आणखी कुणाला असंच विकलं असेल तर स्वतःची कागदपत्रं घेऊन पुढे या.