एफ/४ वर निर्मळ, एफ/११ वर चरा: पहिल्या कॅमेऱ्यात मी कशी फसले

चौदा महिने साठवलेल्या पैशांपैकी नव्वद टक्के गेले, त्यातले ब्याऐंशी एका संध्याकाळी, पाऊण तासात. रक्कम हिश्शांत सांगते, म्हणजे ज्याला त्याला आपल्या खिशावर ताडून बघता येईल. माझं सगळं बजेट १०० धरा. ८ आगाऊ गेले, ७१ कॅमेरा आणि लेन्स ताब्यात घेताना, ११ ट्रायपॉड आणि फिल्टरांचे. एकूण ९०.

हे वाचून पहिला विचार येणार की बाईने काही अभ्यास केला नसेल. केला होता. पाच महिने वाचत होते. निसर्गचित्रणासाठी पहिला कॅमेरा घेताना बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यावर, उधळायचं नाही, हे मला पाठ होतं. डोंगर काही पळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ ते एफ/११ (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक आणि उजेड कमी), आणि हवा तेवढा वेळ शटर उघडं. अशा वेळी साधा, लहान आकाराचा एपीएस-सी सेन्सर आणि सोबत येणारी १८-५५ ची लेन्ससुद्धा उत्तम काम देते. माझा बेत तोच होता: ५० ते ५५ मध्ये वापरलेली साधी बॉडी आणि लेन्स, १५-२० चा भक्कम ट्रायपॉड, एक पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर), उरलेले प्रवासाला.

आणि मग ती जाहिरात दिसली. मोठ्या सेन्सरची फुल-फ्रेम बॉडी, १६-३५ ची वाइड लेन्स, दोन्ही मिळून ७९. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, फक्त ८,२१४. सोबत स्क्रीनशॉट. "लँडस्केपसाठी तयार संच", असंही लिहिलेलं. मला हाव सुटली असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की किंमत वेडगळ नव्हती. आत आरसा असलेल्या डीएसएलआर बॉड्यांचे भाव खरंच पडलेत, लोक बिनआरशाच्या मिररलेसकडे वळल्यावर जुना माल निम्म्याहून कमीत निघतो. अगदीच फुकटात देत असता तर मलाही संशय आला असता. त्याने किंमत बरोबर तिथे ठेवली होती जिथे माणूस "नशीब लागतं असं मिळायला" म्हणतो.

"आणखी दोघं मागे लागलेत" वगैरे झालं, ८ आगाऊ पाठवले. ही तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द घालवत नाही. बघण्याआधी टोकन मागणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

भेट त्याने संध्याकाळची ठरवली. दिवसभर कामात असतो म्हणाला. पोहोचले तेव्हा उजेड उतरायला लागला होता. माणूस बोलायला शांत, बोटं कॅमेऱ्यावर सराईत फिरत होती, "ताई, तुम्ही निवांत बघा" असं दोनदा म्हणाला. बॉडीवर ओरखडा नाही, रबर कुठे सुटलेलं नाही, लेन्स मी मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघितली, बुरशीचं जाळं नाही. मनात म्हटलं, चला, चांगल्या माणसाशी गाठ पडली.

आता तो क्षण. रोज रात्री डोळे मिटले की तोच दिसतो.

मी कॅमेरा खिडकीतून आकाशाकडे धरला. सवयीने चाक फिरवलं, एफ/११ वर आणलं. त्याने अगदी हलकेच हात पुढे करून चाक परत एफ/४ वर नेलं. म्हणाला, "उजेड कमी आहे ताई, एफ/११ ला फोटो हलेल. तुम्हाला वाटेल लेन्सच खराब आहे." आणि मी मान डोलावली. कारण म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं! हातात धरून, अंधुक उजेडात, एफ/११ ला फोटो हलतोच. पुस्तकातलं वाक्य होतं ते.

पण ट्रायपॉड तिथेच होता. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, पाय मिटून भिंतीला टेकवलेला. तोच ट्रायपॉड तो मला विकत होता, "लँडस्केपला याशिवाय जमतच नाही" म्हणून. कॅमेरा त्यावर लावला असता तर दोन सेकंदांचं शटरसुद्धा चाललं असतं. ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप करत होते, ट्रायपॉड लावून छिद्र बारीक करून फोटो काढणं, नेमकी तीच एक गोष्ट त्याने मला करू दिली नाही, आणि माझ्या लक्षात आलं नाही. एफ/४ वर सहा फोटो काढले. सहाही स्वच्छ. पैसे दिले. वर "इतका चांगला ट्रायपॉड आणि फिल्टर परत कुठे शोधणार" म्हणून आणखी ११ दिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडले. ट्रायपॉड लावला, आयएसओ १००, एफ/११, वर मोकळं आकाश. फोटो मोठा करून बघते तर आकाशात उजवीकडून तिरपी काळपट रेघ, तिला दोन फाटे, भोवती ठिपके. आधी वाटलं लेन्सवर केस असेल. पुसलं. एका ओळखीच्यांकडून दुसरी लेन्स आणून लावली. रेघ त्याच जागी. एफ/१६ ला आणखी ठसठशीत, एफ/४ ला गायब.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. सेन्सरच्या पुढे पातळ काच असते. धूळ बसते ती तिच्यावर, आणि निष्काळजी सफाईत चरा पडतो तोही तिच्यावर. लेन्सचं छिद्र मोठं असलं की प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि चऱ्याची सावली विरून जाते. छिद्र बारीक केलं की सावली टोकदार पडते. माणसांचे फोटो काढणारा एफ/२.८ ला खेळत राहील, त्याला वर्षभर पत्ता लागणार नाही. आपण एफ/११ ची माणसं, वर निम्मं चित्र आकाश. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून खालच्या कडेचा चरा नेमका आपल्या आकाशात येतो. धूळ ब्लोअरने उडते. चरा उडत नाही.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं, नुसती काच बदलत नाहीत, पूर्ण सेन्सरचा भाग बदलावा लागेल: ४६. शटर काउंट त्यांनी मोजला: १,४३,९०६. शटरचं आयुष्य साध्या बॉड्यांत लाखभर, वरच्या बॉड्यांत दीड-दोन लाख धरतात. म्हणजे माझं तेही उताराला लागलेलं. मग ते ८,२१४ कुठून आले? स्क्रीनशॉट दुसऱ्याच कॅमेऱ्याच्या फाइलचा होता. सीरियल नंबरची ओळ तेवढी सफाईने कापली होती. दुसऱ्याने दाखवलेला आकडा मुळीच मानू नका. आपलं कार्ड न्या, त्यावर फोटो काढा, लॅपटॉपवर फाइलची माहिती उघडा, त्यातला सीरियल नंबर बॉडीच्या बुडाशी असलेल्या नंबराशी जुळवा. निकॉनच्या फाइलीत शटर काउंट लिहिलेला असतो. कॅननच्या बऱ्याच बॉड्यांत तो फाइलीत येत नाही, कॅमेरा केबलने जोडूनच काढावा लागतो. लॅपटॉप न्यायला लाज वाटते? मलाही वाटली होती.

फिल्टरांबद्दल एकच वाक्य: दहा स्टॉपच्या (उजेड खूप कमी करणाऱ्या) म्हणून दिलेल्या काचेने आख्खा फोटो जांभळा येतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कॅमेरा चालू आहे ना?" म्हटलं चालू आहे, पण... "मग फसवणूक कसली? बघून घेतलात, पैसे स्वतः दिलेत. दिवाणी मामला आहे." मी एफ/११ चा फोटो दाखवला, बोटाने रेघ दाखवली. ते म्हणाले, "फोटो तर छान आलाय मॅडम." दुसऱ्या खेपेला स्क्रीनशॉट आणि सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल शेजारीशेजारी ठेवला. ८,२१४ आणि १,४३,९०६. हे खोटं कागदपत्र नाही तर काय आहे? उत्तर मिळालं, विकणाऱ्याचा आत्ताचा पत्ता आणा. पत्ता माझ्याकडे असता तर मी इथे कशाला आले असते? शोधायचं काम कोणाचं? तिसऱ्या खेपेला साहेब बदललेले, गोष्ट पहिल्यापासून. चौथ्या खेपेला अर्ज सापडेना. ऑनलाइन तक्रार केली ती तेविसाव्या दिवशी "निकाली" झाली, कोणी फोनसुद्धा केला नाही. बँक म्हणाली व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. जाहिरातवाले म्हणाले पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आम्ही जबाबदार नाही. पण त्याचं खातं, त्याचा नंबर, त्याच्या जुन्या जाहिराती त्यांच्याकडे आहेत! एवढी माहिती त्यांनी पोलिसांना द्यावी आणि पोलिसांनी ती मागावी, याहून जास्त काय मागतेय मी? प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि तेवढ्यात तो माणूस सिमकार्ड बदलून मोकळा.

म्हणून सांगते, भेट भर दिवसा ठेवा. ट्रायपॉड न्या. कोरं आकाश किंवा पांढरी भिंत, एफ/१६, फोकस मुद्दाम घालवून एक फोटो, मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. झाकण लावून तीस सेकंदांचा एक, काळ्यात टाचणीच्या टोकाएवढे रंगीत ठिपके, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले बिंदू, चमकतात का बघायला. विटांच्या भिंतीचा एक, चारही कोपरे सारखे तीक्ष्ण आहेत का बघायला. वाइड लेन्स पडलेली असेल तर एक बाजू मऊ येते. सीरियल नंबर घातलेली सहीची पावती घ्या, देत नसेल तर निघा. आणि चाकावर तुमच्याशिवाय कोणाचा हात गेला, तर कॅमेरा खाली ठेवा आणि उठा.

दुकानदाराने मला या कॅमेऱ्याचे १७ देऊ केले, सुट्या भागांसाठी. एका ओळखीच्याने सुचवलं की संध्याकाळी दाखव, एफ/४ ला, ७० सहज येतील. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. बॉडी मी विकायला काढली आहे. जाहिरातीत पहिला फोटो एफ/१६ चा टाकला आहे, रेघेभोवती लाल वर्तुळ काढून, आणि खाली १,४३,९०६ लिहिलं आहे. पाच आठवडे झाले, अजून कोणी विचारलेलं नाही.